गोठण-शुष्कन आणि जीवाणूंचे संरक्षण : एका उपेक्षित माध्यमाचा इतिहास

१

पदार्थ वाळविला म्हणजे तो टिकतो, हे ज्ञान मानवास फार पुरातन काळापासून आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघर वाळवण घातले जाते त्यामागे हाच अनुभव आहे. पाणी नाहीसे झाले की पदार्थ नासविणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र काही संशोधकांनी हीच क्रिया नेमक्या उलट हेतूने हाती घेतली. पदार्थ टिकविण्यासाठी जीवाणूंचा नाश करावयाचा नव्हता. खुद्द जीवाणूच टिकवावयाचे होते, आणि तेही जिवंत. वाळविण्याने जो मरावा त्यालाच वाळवून जगवावयाचे, हा या उद्योगातील मूळ विरोध होय. आणि त्याचा परिहार कसकसा होत गेला याचा इतिहास उद्बोधक आहे.

या विषयाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. आरोग्यास उपकारक जीवाणूंची, म्हणजे ज्यांस आज 'प्रोबायोटिक' म्हणतात त्यांची, जी व्याख्या २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे केली, तिच्यात दोन अटी आहेत. जीवाणू जिवंत असले पाहिजेत, आणि ते पुरेशा संख्येने घेतले गेले पाहिजेत. पाकिटातील वा कुपीतील भुकटीच्या बाबतीत या दोन्ही अटींचा निर्णय जीवाणूच्या आतड्यातील पराक्रमावर होत नाही. तो त्याआधीच, वाळविण्याच्या यंत्रात आणि नंतरच्या साठवणीत, होऊन गेलेला असतो.

गोठण-शुष्कनात तीन घटक एकत्र येतात : जीवाणू, यंत्र, आणि जीवाणू ज्यात कालवून यंत्रात ठेवले जातात ते माध्यम. या विद्येच्या प्रचलित वृत्तांतात पहिल्या दोहोंना भरपूर स्थान मिळते. माध्यमाचा उल्लेख बहुधा 'साय काढलेल्या दुधात' अशा दोन-तीन शब्दांत आटोपतो. प्रस्तुत लेखाचा अभिप्राय असा की, या विद्येचा खरा इतिहास त्या दोन-तीन शब्दांचाच इतिहास आहे. ज्याला केवळ वाहक मानले तेच कर्ते होते; आणि ही गोष्ट उमगण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली.

२

दुग्धाम्ल-जीवाणूंचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जोमाने सुरू झाला. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकाने १९०५ साली जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्यातून एक दंडाकृती जीवाणू वेगळा केला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉव्ह यांनी त्यास दीर्घायुष्याच्या आपल्या उपपत्तीत मानाचे स्थान दिले, आणि १९०७ च्या त्यांच्या ग्रंथामुळे आंबट दुधाचा लौकिक युरोपभर पसरला. त्याच संस्थेत तिस्सिए यांनी त्यापूर्वीच अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेतून बायफिडो-जीवाणू वर्णिले होते. जपानमध्ये शिरोता यांनी १९३० साली निवडलेल्या वाणापासून १९३५ साली बाजारात पेय आले.

परंतु असे जीवाणू शुद्ध स्वरूपात हाती ठेवणे सोपे नव्हते. आपल्या घरातील विरजणाचीच गोष्ट घ्या. ते आजच्या दह्यातून उद्याच्या दुधात लावीत राहावे लागते. चार दिवस खंड पडला की ते आंबून बिघडते, आणि शेजारून नवे आणावे लागते. प्रयोगशाळेतील संवर्धांची अवस्था याहून निराळी नव्हती. दर काही दिवसांनी नव्या पोषकद्रवात रोपण करावयाचे. प्रत्येक रोपणात परक्या जीवाणूचा शिरकाव होण्याचे भय. आणि तेही टळले तरी पिढ्यांमागून पिढ्या जाता जाता वाणाचे गुणधर्म पालटण्याचा संभव. ज्या जीवाणूवर दहा वर्षांपूर्वी प्रयोग केला तोच आज आपल्या नळीत आहे, असे प्रतिज्ञेवर सांगणे कठीण होते. संवर्ध एका ठिकाणी थांबवून ठेवता आला पाहिजे, ही गरज यातून उत्पन्न झाली.

साधे हवेत वाळविणे हा उपाय बीजाणू निर्माण करणाऱ्या जातींना मानवत असे, दुग्धाम्ल-जीवाणूंना नव्हे. पाणी हळूहळू आटत असता उरलेल्या द्रवातील क्षार आणि आम्ल यांची तीव्रता वाढत जाते, आणि पेशी दीर्घकाळ त्या तीव्र द्रावणात पडून राहते. पाणी काढावयाचे, पण द्रवावस्थेतून नव्हे, अशी युक्ती हवी होती.

३

ती युक्ती बर्फाच्या एका गुणधर्मात होती. बाष्पदाब पुरेसा कमी केला असता बर्फ न वितळता थेट वाफेत रूपांतरित होते. या क्रियेस संप्लवन म्हणतात. पाण्याच्या त्रिक बिंदूचा दाब सुमारे ४.६ मिलिमीटर पाऱ्याइतका आहे. त्याखाली द्रवरूप शुद्ध पाण्यास अस्तित्व नाही. आल्टमान यांनी १८९० साली गोठविलेल्या ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी वाळविले होते. बोर्दास आणि दार्सोनव्हाल यांनी १९०६ साली पॅरिस येथे निर्वातात गोठण-शुष्कन करून दाखविले. सेंट लुई येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ लिओन शॅकेल यांनी १९०९ साली स्वतंत्रपणे ही पद्धती प्रसिद्ध केली. बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाने पदार्थ गोठवावयाचा, भांड्यातील हवा काढून घ्यावयाची, आणि निघणारी वाफ संहत गंधकाम्लाकडून शोषवून घ्यावयाची, अशी ती साधी मांडणी होती. संप्लवनात उष्णता खर्ची पडत असल्याने पदार्थ आपोआप गोठलेला राहतो, ही तिच्यातील सोय होती. १९११ साली हॅरिस यांच्यासमवेत त्यांनी ही रीत अलर्क रोगाच्या विषाणूस लावली.

जीवाणूंकडे ही पद्धती लागलीच वळली, आणि तिला वळविणाऱ्यांत दुग्धशास्त्राचे अभ्यासक आघाडीवर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे आयोवा येथे दुग्धजीवाणुशास्त्राचे आचार्य म्हणून ख्याती पावलेले हॅमर यांनी १९११ साली जीवाणूंच्या निर्वात-शुष्कनावर टिपण लिहिले. अमेरिकेच्या कृषी खात्यातील लोर रॉजर्स यांचा वाळविलेले संवर्ध तयार करण्याविषयीचा निबंध १९१४ चा आहे. रॉकफेलर संस्थेतील होमर स्विफ्ट यांनी १९२१ साली रोगजनक जीवाणूंचे प्रयोगशाळेतील मूळ संवर्ध गोठवून व वाळवून जतन करण्याची रीत मांडली. १९३५ साली एल्सर व त्यांचे सहकारी, तसेच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फ्लॉस्डॉर्फ आणि मड, यांनी रक्तद्रवासाठी मोठी यंत्रे वर्णिली. 'लायोफाइल' हे नाव फ्लॉस्डॉर्फ आणि मड यांच्या लेखाने रूढ केले. त्याचा अर्थ विद्रावकप्रिय. वाळलेला पदार्थ सच्छिद्र असतो आणि पाणी दिसताच ते ओढून घेतो, हे त्या नावातून सुचविले आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी वाळविलेल्या रक्तद्रवाची निकड निर्माण झाली; इंग्लंडात केंब्रिज येथे ग्रीव्ज यांच्या देखरेखीखाली तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. युद्ध संपले तेव्हा यंत्र परिपूर्ण झालेले होते.

यंत्र परिपूर्ण झाले, तरी जीवाणूंच्या जगण्या-मरण्याचे कोडे सुटले नव्हते. तेच यंत्र, तोच जीवाणू. पण साध्या पाण्यात किंवा क्षारजलात कालवून वाळविल्यास बहुसंख्य पेशी मरत. रक्तद्रवात, पोषकद्रवात किंवा दुधात कालवून वाळविल्यास पुष्कळ वाचत. तेव्हा साय काढलेले दूध वापरावयाचे, असा परिपाठ संवर्ध-संग्रहांत पडत गेला. तो अनुभवावर आधारलेला होता. दूध स्वस्त होते, निर्जंतुक करता येत होते, आणि वाळल्यावर त्याची सुबक पांढरी वडी तयार होत असे. दुधातील कोणता अंश काय करतो, हे विचारण्याची गरज परिपाठाला भासत नाही.

४

हा प्रश्न नीट विचारला तो फ्राय आणि ग्रीव्ज यांनी. 'जर्नल ऑफ हायजीन' मध्ये १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात शुष्कनाच्या वेळी आणि शुष्कनानंतर जीवाणू कसे टिकतात, याचे पद्धतशीर परीक्षण आहे. निबंधाच्या शीर्षकातच 'वेळी' आणि 'नंतर' असा भेद केलेला आहे, आणि तो पुढील सर्व चर्चेचा पाया ठरला. रक्तद्रव तीन भाग, पोषकद्रव एक भाग, आणि त्यात शेकडा ७.५ ग्लुकोज, असे त्यांचे मिश्रण 'मिस्ट. डेसिकान्स' या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत गेले.

यातील ग्लुकोज कशासाठी? लेखकद्वयाचे स्पष्टीकरण असे की, अतिशुष्कन जीवाणूस घातक असते. ग्लुकोज थोडे पाणी, सुमारे शेकडा १, धरून ठेवते आणि त्यामुळे पेशी पूर्ण कोरडी होण्यापासून बचावते. स्पष्टीकरण सुटसुटीत होते व त्या काळच्या मोजमापांशी जुळतही होते. पुढे ते अपुरे ठरले. शर्करा पाण्याला धरून ठेवते, एवढेच तिचे कार्य नव्हे. पाणी निघून गेल्यावर ती स्वतः त्याच्या जागी उभी राहते, ही कल्पना अद्याप यावयाची होती. तथापि फ्राय आणि ग्रीव्ज यांचे मोल यामुळे उणावत नाही. माध्यमातील एक एक द्रव्य वेगळे काढून त्याचे कार्य विचारण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. अपुरे उत्तर देणाऱ्या परंतु प्रश्न बरोबर विचारणाऱ्या निबंधाचा हा उत्तम नमुना आहे.

याच दशकात लसींच्या क्षेत्रातही अशीच द्रव्ये हाती लागत होती. लंडनच्या लिस्टर संस्थेतील कोलिअर यांनी १९५५ साली देवीच्या लसीत शेकडा ५ पेप्टोन घालून उष्ण हवामानात टिकणारी शुष्क लस सिद्ध केली. जपानमध्ये ओबायाशी यांचे शुष्क बी. सी. जी. लसीवरील कार्य जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, शुष्क बी. सी. जी. मध्ये सोडियम ग्लुटामेट हे संरक्षक द्रव्य पुढे प्रतिष्ठित झाले. देवीची लस विषाणूची आणि बी. सी. जी. जीवाणूची, परंतु दोहोंच्या यशाचे मर्म माध्यमात होते. उन्हात तापलेल्या खेड्यापाड्यांतून लस पोचवावयाची असता शीतकपाटाचा भरवसा धरता येत नव्हता. १९६७ पासून तीव्र झालेली आणि १९८० साली यशस्वी म्हणून घोषित झालेली देवी-निर्मूलनाची मोहीम शुष्क लसीवाचून कल्पिता येत नाही. आणि १९७५ साली भारतातून देवी हटली, त्यातही या लसीचा वाटा आहे.

५

दरम्यान शेजारच्या एका क्षेत्रात मोठा शोध लागला होता. लंडनजवळील मिल हिल येथे पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ साली दाखविले की, ग्लिसरॉल घातले असता कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात. फळशर्करेची म्हणून चिठ्ठी लावलेल्या बाटलीत वस्तुतः ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन होते, असे रासायनिक परीक्षणात निघाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. लव्हलॉक यांनी १९५३ साली गोठणातील इजेचे कारण दाखविले : बर्फ होते ते शुद्ध पाण्याचे, त्यामुळे उरलेल्या द्रवात क्षारांची तीव्रता वाढते आणि पेशीपटल बिघडते. पुढे मेझर यांनी दुसरे कारण पुढे आणले. थंड करण्याचा वेग फार असेल तर पाण्याला पेशीबाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फ धरते. वेग मंद असेल तर तीव्र द्रावणाची इजा, जलद असेल तर आतल्या बर्फाची. म्हणून प्रत्येक पेशीजातीस आपला असा एक अनुकूल वेग असतो.

मग ग्लिसरॉल हेच गोठण-शुष्कनातही का वापरू नये? या साध्या प्रश्नातून विषयाचे अंतरंग उघडते. गोठणात जे तारते ते शुष्कनात तारीलच असे नाही. ग्लिसरॉल बाष्पनशील नाही. पाणी गेल्यावर ते चिकट द्रव म्हणून मागे राहते. ज्याची वडी व्हावयाची ते मिश्रण लिबलिबीत होऊन खचते, त्यातील रेणू हालचालीस मोकळे राहतात, आणि साठवणीत पेशींचा ऱ्हास चालू राहतो. गोठलेल्या पेशीभोवती थोडे पाणी असतेच. वाळलेल्या पेशीस ते जवळजवळ मुळीच नसते. तेव्हा संरक्षक द्रव्याने गोठणातील संकटाबरोबर पाण्याच्या अभावाचेही संकट निवारले पाहिजे.

६

शुष्कनानंतरच्या मृत्यूचा विचार ऑस्ट्रेलियातील स्कॉट यांनी केला. पाण्याच्या उपलब्धतेचा सूक्ष्मजीवांच्या वाढीशी असलेला संबंध ज्यांनी प्रस्थापित केला तेच हे संशोधक. त्यांनी १९६० साली प्रतिपादिले की, साठवणीतील मृत्यूचे एक कारण रासायनिक आहे. क्षपणक शर्करांतील कार्बोनिल गट आणि पेशीच्या प्रथिनांतील अमिनो गट यांचा संयोग होतो. जुन्या दूधभुकटीस पिवळट-तपकिरी छटा येते ती याच जातीच्या विक्रियेमुळे. या दृष्टीने पाहता ग्लुकोज शुष्कनाच्या वेळी मित्र आणि साठवणीत शत्रू ठरते. दुधातील लॅक्टोज हीही क्षपणक शर्कराच आहे. उलट सुक्रोज आणि ट्रेहॅलोज या शर्करा क्षपणक नाहीत. परिपाठाने स्वीकारलेल्या माध्यमात एकाच वेळी तारक आणि मारक अशी द्रव्ये नांदत होती, हे यावरून ध्यानात येते.

१९६१ साली लायन आणि बर्गमन यांनी गोठण-शुष्कित एशेरिकिया कोलायवर ऑक्सिजनचा घातक परिणाम दाखविला. कुपी निर्वातात किंवा नायट्रोजनखाली सीलबंद करण्याच्या प्रथेस यामुळे निश्चित आधार मिळाला. पुढे १९७६ साली अ‍ॅशवुड-स्मिथ आणि ग्रँट यांनी गोठण-शुष्कनामुळे जीवाणूंत उत्परिवर्तने उद्भवू शकतात, असे दाखविले. ज्या विद्येचा जन्म वाण पालटू नये म्हणून झाला, तिच्याकडूनच वाण पालटण्याचा संभव आहे, ही बाब संग्राहकांना अस्वस्थ करणारी होती. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : इजा जितकी कमी, तितकी ओळख अधिक अबाधित. संरक्षण म्हणजे केवळ संख्येचे रक्षण नव्हे. ते वाणाच्या स्वत्वाचेही रक्षण आहे.

७

माध्यम 'काय' करते याचे उत्तर अखेर जीवाणूंकडून आले नाही. ते वाळून पुन्हा जिवंत होणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांकडून आले. पन्हाळीच्या गाळातील वाळलेले चक्रधर प्राणी पाणी मिळताच हालचाल करू लागतात, हे लेव्हेनहूक यांनी १७०२ साली पाहिले होते. या अवस्थेस केंब्रिजच्या केलिन यांनी १९५९ साली 'क्रिप्टोबायोसिस', म्हणजे गुप्तजीवन, असे नाव दिले. खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया या प्राण्याच्या शुष्क अंड्यांत ट्रेहॅलोज मोठ्या प्रमाणात असते, असे क्लेग यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले. ही शर्करा नवी नव्हती. विगर्स यांनी १८३२ साली ती अरगटात पाहिली होती, आणि बेर्तलो यांनी १८५९ साली 'ट्रेहाला' या पदार्थावरून तिचे नामकरण केले होते. वाळूनही जगणारे प्राणी नेमकी हीच शर्करा का साठवितात?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन क्रो व लॉइस क्रो यांनी चॅपमन यांच्यासह १९८४ साली 'सायन्स' मध्ये याचे उत्तर दिले. पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांची डोकी पाण्याच्या रेणूंनी वेढलेली असतात, आणि त्यामुळे एकमेकांपासून अंतर राखून असतात. पाणी गेले की ती एकमेकांजवळ सरकतात, त्यांच्या शेपट्या दाटीने बसतात, आणि पटल लवचीक अवस्थेतून घट्ट अवस्थेत जाते. एका नमुनेदार लिपिडाचे हे प्रावस्था-स्थित्यंतर पाण्यात असता ४१° सेल्सिअसला होते. कोरड्या स्थितीत ते १००° च्या वर जाते. म्हणजे वाळलेले पटल खोलीच्या तापमानास घट्ट असते, आणि पुन्हा पाणी मिळताच लवचीक होऊ लागते. या स्थित्यंतराच्या क्षणी ते गळते व पेशीतील द्रव्ये बाहेर पडतात. ट्रेहॅलोज उपस्थित असेल, तर त्याचे हायड्रॉक्सिल गट लिपिडांच्या डोक्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, अंतर कायम राहते, आणि स्थित्यंतराचे तापमान वर चढत नाही. शर्करा पाण्याची जागा घेते. या उपपत्तीस जल-प्रतिस्थापन म्हणतात. १९९५ साली लेस्ली आणि सहकाऱ्यांनी ट्रेहॅलोज व सुक्रोज संपूर्ण जीवाणूच्या पटलांचे आणि प्रथिनांचे रक्षण याच रीतीने करतात, असे प्रयोगाने दाखविले.

फ्राय आणि ग्रीव्ज यांच्या ग्लुकोजचे कोडे येथे नव्या प्रकाशात दिसते. शर्करा पाण्याला थांबवून धरणारी रखवालदार नव्हती. ती पाण्याची प्रतिनिधी होती.

८

या उपपत्तीस प्रतिस्पर्धी उपपत्ती लवकरच उभी राहिली. संहत शर्कराद्रावण थंड करीत किंवा वाळवीत नेले असता त्याचे स्फटिक न होता काच बनू शकते. काच म्हणजे असा पदार्थ, ज्याची रचना द्रवासारखी अव्यवस्थित, परंतु श्यानता इतकी प्रचंड की रेणूंची हालचाल जवळजवळ थांबलेली असते. हालचाल थांबली की विक्रिया थांबतात. स्कॉट यांनी सांगितलेला संयोगही मंदावतो. कोरड्या ट्रेहॅलोजचे काचावस्थेचे तापमान सुमारे १००° ते ११५° सेल्सिअस, सुक्रोजचे ६०° ते ७०°, तर ग्लुकोजचे केवळ ३० ते ४० अंशांच्या दरम्यान आहे. यात थोडाही ओलावा मिसळला की ही तापमाने झपाट्याने खाली येतात. उष्ण प्रदेशातील गोदामात ग्लुकोजयुक्त भुकटी टिकत नाही, आणि ओलावा शेकडा दोन-तीन अंशांनी वाढताच सुक्रोजही हात टेकते, याचे कारण यात सापडते.

तर मग संरक्षण करते ते प्रतिस्थापन की काच? क्रो आणि सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात याचा निवाडा चतुर तुलनेने केला. डेक्स्ट्रान हे मोठ्या रेणूचे द्रव्य उत्तम काच बनविते, परंतु एकटे असता पटलाचे रक्षण करीत नाही. कारण त्याचा अवजड रेणू लिपिडांच्या डोक्यांमध्ये शिरू शकत नाही. ग्लुकोज शिरते, परंतु त्याची काच कच्ची. सुक्रोज आणि ट्रेहॅलोज दोन्ही कामे करतात. म्हणून निष्कर्ष असा की, दोन्ही उपपत्ती आवश्यक आहेत, कोणतीही एक पुरेशी नाही. प्रतिस्थापन प्रामुख्याने शुष्कनाच्या 'वेळी' तारते, काच प्रामुख्याने 'नंतर' तारते. १९५१ च्या शीर्षकातील भेद अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर सार्थ ठरला.

दुधाचेही रहस्य यात उलगडते. त्यातील लॅक्टोज पटलाशी बांधले जाते व काच बनविते. प्रथिने वडीला सांगाडा देतात आणि ती खचू देत नाहीत. रॉजर्स यांच्या पिढीने जे रूढ केले ते अंधश्रद्धा नव्हते; ते अर्थ न लागलेले शहाणपण होते. परंतु अर्थ लागल्यानंतरच त्यात सुधारणा शक्य झाली. क्षपणक लॅक्टोजच्या जोडीस सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज घालावयाचे, ग्लुटामेटसारखे द्रव्य मिसळावयाचे, हे निर्णय आता अंदाजाने घ्यावे लागत नाहीत. जपानमध्ये हायाशिबारा कंपनीने १९९० नंतरच्या दशकात स्टार्चपासून विकरांच्या साहाय्याने ट्रेहॅलोज तयार करण्याची रीत काढली, आणि प्रयोगशाळेतील ही महाग शर्करा उद्योगाच्या आवाक्यात आली.

एक मर्यादा मात्र उरतेच. पटलास दोन बाजू असतात. माध्यमातील शर्करा बाहेरची बाजू सांभाळते. आतली कोण सांभाळणार? ट्रेहॅलोजला पटलातून सहज वाट नाही. यास्तव अलीकडील संशोधन पेशीलाच आतून सिद्ध करण्याकडे वळले आहे. स्थिर अवस्थेस पोचलेल्या पेशी वाढत्या पेशींहून अधिक टिकतात. थोडा क्षारताण दिलेल्या दुग्धाम्ल-जीवाणूंत बीटेनसारखी द्रव्ये साठतात. आणि २००६ साली लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जीवाणूत आतच ट्रेहॅलोज साठवून गोठण-शुष्कनातील हानी कमी करता येते, असे दाखविले गेले. माध्यमाचा विचार आता माध्यमाच्या सीमा ओलांडून पेशीच्या आत शिरला आहे.

९

या इतिहासातून आजच्या अभ्यासकाने काय घ्यावे? एक साधा हिशेब करू. एका पाकिटासाठी १० हजार कोटी जीवाणू वाळविले आणि त्यांतील शंभरातील एकच वाचला, तरी १०० कोटी जिवंत उरतात. आकडा भव्य दिसतो. ९९ टक्के संहार त्याच्या आड लपतो. साठवणीत आणखी दहापट घट झाली, तर १० कोटी उरतात, आणि तरीही आकडा लहान वाटत नाही. भरताना मोजलेली संख्या आणि मुदत संपताना उरणारी संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच २००२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मुदतीच्या अखेरीस जिवंत असणारी किमान संख्या वेष्टनावर असावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली. भारतातही २०११ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ग्राहकाने ज्याचे मोल दिले ते त्याच्या हाती जिवंत पोचले की नाही, हा प्रश्न शास्त्राचा आहे तसाच सचोटीचाही आहे.

संशोधन-निबंधांच्या बाबतीत हीच शिस्त अधिक कडक असावयास हवी. 'गोठण-शुष्कनानंतर जीवाणू इतके टक्के वाचले' हे विधान एकटे निरर्थक आहे. पेशी कोणत्या अवस्थेत गोळा केल्या, माध्यमात कोणती द्रव्ये किती होती, थंड करण्याचा वेग काय, शेष ओलावा किती, कुपीत कोणता वायू, साठवण कोणत्या तापमानास आणि किती काळ, आणि पुन्हा पाणी कसे दिले, हे सांगितल्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. यांपैकी बहुतेक बाबी वरवर क्षुल्लक, केवळ 'रीत' या सदरात टाकण्याजोग्या वाटतात. परंतु दूधही एके काळी त्याच सदरात होते.

आपल्या परिसरापुरते बोलावयाचे, तर पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक विभागांना अशा संग्रहांतील वाणांवर विसंबून काम करावे लागते. दही, ताक, आंबविलेली पिठे यांतून स्थानिक जीवाणू वेगळे करण्याचे प्रबंधही आपल्याकडे लिहिले जातात. वेगळा केलेला वाण प्रबंध संपल्यावर कुठे जातो, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये. तो शीतकपाटातील तिरप्या नळीत सुकून गेला, तर त्या प्रबंधातील निष्कर्ष पुन्हा तपासण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. वाण योग्य माध्यमात वाळवून संग्रहाकडे सोपविणे हे संशोधनानंतरचे कारकुनी काम नव्हे; तो संशोधनाचाच शेवटचा प्रयोग होय, आणि त्याची रीत प्रबंधात इतर प्रयोगांइतक्याच तपशिलाने नोंदली गेली पाहिजे.